पावसात मागचं चाक सरकतं? नवा टायर घेण्याआधी हवा आणि शॉकअपची स्टेप बघा

सलग दोन पावसाळे मला एकच त्रास होता. भांडुपहून निघायचं, कांजूरमार्ग स्टेशनला बायकोला सोडायचं, गांधीनगरला उजवीकडे वळून जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवईमार्गे मरोळ गाठायचं, हा माझा रोजचा रस्ता. पवई तलावाच्या कडेने रस्ता हलकं वळण घेतो तिथे डांबर आणि काँक्रीटच्या सांध्यावर एक उंचवटा आहे. पाऊस असला की त्यावरून जाताना माझ्या मोटरसायकलचं मागचं चाक चार बोटं बाहेर सरकायचं आणि परत जागेवर यायचं. चार बोटं ऐकायला किरकोळ वाटतात, पण बाजूने बेस्टची बस चाललेली असते तेव्हा पोटात गोळा येतो.

पहिल्या वर्षी मी मागचा टायर बदलला. जुना खरंच संपला होता, त्यामुळे थोडा फरक पडला. पण जुलै संपायच्या आत त्याच ठिकाणी गाडी पुन्हा तशीच सरकायला लागली. दुसऱ्या वर्षी एका गॅरेजमध्ये तक्रार सांगितली, तर "मुंबईचे खड्डे आहेत, टाइट करून देतो" म्हणत त्यांनी मागच्या शॉकअपची स्टेप चढवून दिली. त्रास वाढला. या वर्षी मे महिन्यात ठरवलं की आता काहीही विकत घेण्याआधी कारण शोधायचं. ते सापडलं. नवीन भाग एकही लागला नाही, लागला तो हवेचा गेज आणि गाडीच्या टूलकिटमध्ये पडून असलेला एक पाना.

गाडी २०१९ सालची, १५० सीसी, मागे दोन शॉकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम. माझं वजन ६४ किलो. तुमची गाडी वेगळी असेल, आकडेही वेगळे येतील, पण तपासायचा क्रम हाच ठेवा.

आधी ठरवा, नक्की कधी सरकते

"गाडी घसरते" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत. दोन-तीन दिवस फक्त एवढंच लक्षात ठेवत चालवा: चाक सरकलं तेव्हा माझा पाय ब्रेकवर होता का, मी रेस देत होतो का, की दोन्ही नव्हतं?

ब्रेकवर पाय असताना मागचं चाक सरकत असेल, तर ते बहुधा लॉक होतंय. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, आणि ओल्या रस्त्यावर जरा जोर झाला की ते फिरायचं थांबून नुसतं ओढलं जातं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं खरं, पण बऱ्याच १५० सीसी गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागे ड्रम असेल तर ते चाक लॉक होऊ शकतं, आणि "माझ्या गाडीला एबीएस आहे" या भरवशावर राहून लोक पडतात. इथे शॉकअपशी खेळून काही उपयोग नाही. पुढचा ब्रेक बोटांनी हळूहळू दाबत न्यायची आणि मागचा फक्त सोबतीला घ्यायची सवय करा. मागच्या ब्रेकचं पेडल फार वर सेट केलेलं असेल तर तेही खाली घ्या.

रेस दिल्यावर सरकत असेल तर रस्त्याकडे बघा. दीडशे सीसीच्या गाडीत एवढी ताकद नसते की ओल्या पण स्वच्छ डांबरावर सहज चाक फिरेल. झेब्रा क्रॉसिंगचा रंग, लोखंडी पत्रा, चिखल किंवा टक्कल पडलेला टायर, यांपैकी काहीतरी असणारच.

ब्रेकही नाही, रेसही नाही, गाडी नुसती चाललेली असताना उंचवट्यावर किंवा वळणात मागचं चाक उडून बाजूला पडत असेल, तर तो हवेचा आणि सस्पेन्शनचा प्रश्न आहे. माझा हाच होता, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

हवा

मी दर पंधरा दिवसांनी पेट्रोल पंपावर हवा भरत होतो आणि त्यामुळे हवेचा प्रश्नच नाही असं धरून चाललो होतो. मे महिन्यात एक साधा गेज घेतला आणि सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, मागच्या टायरला लावला. काटा ३८ वर गेला. माझ्या गाडीला कंपनीने सांगितलेली हवा पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय. पुढच्या वेळी पंपावर नीट उभं राहून पाहिलं. माझ्या आधी कार होती, मशीनवर तिचाच आकडा होता, आणि पोऱ्याने तोच ठेवून माझी नळी लावली. गर्दीत त्यालाही दोष देता येत नाही. आकडा आपणच बोलून दाखवायला हवा.

हवा जास्त असली की टायर दगडासारखा होतो. रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो, आणि छोटे धक्के रबराने गिळायचे असतात ते न गिळता टायर चेंडूसारखा उसळतो. ओल्या रस्त्यावर उसळलेलं चाक परत टेकतं ते जागेवरच टेकेल याची खात्री नसते.

आता उलटी बाजू. पावसाळ्यात हवा कमी ठेवावी, पकड वाढते, असं बरेच जण छातीठोक सांगतात. शहरातल्या रस्त्यावर हे करू नका. हवा कमी झाली की टायर कुशीवर दबतो, मधल्या खाचा मिटायला लागतात आणि पाणी बाहेर फेकायची त्यांची वाटच बंद होते. वर खड्ड्यात रिम आपटून वाकडी व्हायची भीती वेगळीच. चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून ठेवणारा, वर-खाली हलणारा दांडा) कंपनीचं स्टिकर असतं, त्यावरचा आकडा थंड टायरवर पाळा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून मोजलं तर दोन-तीन पीएसआय जास्तच दिसणार. ते बघून हवा सोडून देऊ नका.

नुसती हवा ३८ वरून ३२ वर आणल्यावर, माझ्या अंदाजाने, अर्धा त्रास गेला. अर्धा उरला.

शॉकअप कोणासाठी लावलाय?

भांडुपला एका जुन्या गॅरेजमध्ये सत्तरीला टेकलेले एक काका आहेत. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "मागे कोण बसतं?"

"बायको. पण कांजूर स्टेशनपर्यंतच."

"म्हणजे दहा मिनिटं दोघं, आणि पुढे सगळा रस्ता तू एकटा. मग शॉकअप कोणासाठी लावलाय?"

त्यांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, पत्र्याच्या डब्यातून एक जुना रंगाचा ब्रश काढला आणि डाव्या शॉकअपच्या तळाशी साठलेला वाळका चिखल खरवडला. स्प्रिंगच्या खाली एक पायऱ्या-पायऱ्यांची गोल कडी दिसली. शॉकअपची स्टेप बदलायची पाच स्टेपची रिंग ती हीच, आणि ती पाचव्यावर होती. मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च माझ्या हातात देऊन उजवीकडे वाकायला सांगितलं. तिथे सायलेन्सर आड येतो, पाना अर्धाच फिरतो. ती बाजू तिसऱ्या स्टेपवर थांबली होती. म्हणजे टाइट करून देणाऱ्याने डावा पूर्ण चढवला, उजवीकडे पाना अडला आणि तसंच सोडलं. गेल्या पावसाळ्यापासून मी एक खांदा वर, एक खांदा खाली अशा गाडीवर फिरत होतो. दोन शॉकअपच्या स्टेप वेगळ्या असल्या की स्विंगआर्मला पीळ पडतो. तुमचीही गाडी डबल शॉकअपची असेल तर आजच दोन्ही बाजू बघा. सायलेन्सरकडची बाजू वाकून, उजेड पाडून बघा.

ही रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होते असा सर्वसाधारण समज आहे, आणि चुकीचा उपाय तिथूनच जन्मतो. स्प्रिंग तीच राहते, तिची ताकद तीच राहते. रिंग वर नेली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. परिणाम असा, की तुम्ही बसल्यावर गाडी पूर्वीपेक्षा कमी दबते, मागून उंच राहते.

कमी दबली तर बिघडलं काय? इथे जरा थांबून विचार करा. खड्डा आला की चाकाला खाली उतरून खड्ड्याचा तळ गाठायचा असतो. त्यासाठी शॉकअपला लांब व्हायला जागा हवी. तुम्ही बसल्यावर शॉकअप जेवढा दबतो, तेवढीच ती जागा. रिंग पाचव्यावर आणि वर बसलेला माणूस ६४ किलोचा, म्हणजे शॉकअप आधीच जवळजवळ पूर्ण लांब. चाकाला खाली जायला वावच नाही. मग खड्ड्यावर किंवा उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर चाक क्षणभर अधांतरी राहतं. कोरड्या रस्त्यावर ते कळतही नाही. ओल्या रस्त्यावर, गाडी कलती असताना, तेच चार बोटं सरकणं असतं.

काकांनी हे असं समजावलं नाही. ते एवढंच म्हणाले, "चाकाला रस्ता चाटू दे." मला ते पुरलं, तरी घरी येऊन मोजलं.

मोजायला शिवणाची टेप आणि एक मदतनीस पुरतो. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत. चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर एक चिकटपट्टी लावा आणि अंतर लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून खाली घ्या, रोजच्यासारखे तयार होऊन बसा, म्हणजे हेल्मेट, रेनकोट, पाठीवर लॅपटॉपची बॅग सगळं आलं. दोन-तीनदा वर-खाली दाबून गाडी स्थिर होऊ द्या. तुम्ही भिंतीला हात टेकून गाडी सरळ ठेवायची आणि मदतनीसाने तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसली ते. मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा हा फरक असावा. रोजच्या वापराच्या गाडीत ही हालचाल शंभर मिलिमीटरच्या आसपास असते असं धरलं तर तीस-पस्तीस मिमी.

माझा फरक आला १५. दोन्ही बाजू दुसऱ्या स्टेपवर आणल्यावर ३०. बायको मागे बसल्यावर त्याच स्टेपला ४६, आणि चौथ्या स्टेपला ३२.

मग रोजचं काय ठेवायचं? मी दुसरी स्टेप ठेवली आहे. स्टेशनपर्यंतचं डबलसीट अंतर थोडं आहे, तेवढ्यात गाडी हळू चालवतो आणि स्पीडब्रेकर जपून घेतो. हवा मात्र डबलसीटची, ३२ ठेवतो, कारण कमी हवेवर दोघांचं वजन टाकणं मला पटत नाही, आणि एकट्याला ३२ वर गाडी ३८ सारखी अजिबात उडत नाही. वसईला सासरी जायचं असलं की आदल्या रात्री दोन्ही बाजू चौथ्यावर नेतो, परत आल्यावर उतरवतो. ज्यांच्या मागे रोज कोणीतरी पूर्ण रस्ता बसलेलं असतं, त्यांनी अर्थातच दोघांच्या वजनावर मोजून लावावं.

रिंग फिरवताना आधी चिखल काढा, नाहीतर पाना सुटतो आणि बोटांची सालं निघतात. गाडी मेन स्टँडवरच हवी. सायलेन्सरच्या बाजूला पाना खालून घातला तर बसतो. एकेक स्टेप चढवताना "टक" असा बसल्याचा आवाज येतो, तो ऐका. शेवटी दोन्ही रिंगांवर ऑइल पेंटचा एक ठिपका लावून ठेवला, आता लांबूनच कळतं.

रिंगने न सुटणारे दोष

स्टेप बदलूनही गाडी उडतच असेल तर शॉकअप स्वतः गेलेला असू शकतो. गाडी सरळ धरून सीटच्या मागच्या बाजूला जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलत राहिली तर आतलं दमन (उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा) संपलंय, स्प्रिंग एकटीच काम करतेय. शॉकअपच्या दांड्यावर तेलकट ओल असेल तर शंकाच नको. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला. एक नवा एक जुना केला, तर माझ्या डाव्या-उजव्यासारखीच गत.

पुढच्या शॉकअपकडे लोक ऑइल सील फुटेपर्यंत बघत नाहीत. ब्रेक लावल्यावर गाडीचं तोंड पटकन खाली जात असेल, खड्ड्यात "धाड" आवाज होत असेल, तर आतलं तेल जुनं किंवा कमी झालंय. वरून थोडं तेल ओतून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. दोन्ही पायांतलं (पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांतलं) तेल पूर्ण काढून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने दोन्हीकडे सारखं भरायला लावा. माझ्या गाडीचं निघालं ते काळं, पाण्यासारखं पातळ होतं, आणि एका पायातून दुसऱ्यापेक्षा स्पष्ट दिसण्याइतकं कमी. सीलमधून ओघळ येत असेल तर त्या दिवशीच काम करून घ्या, कारण ते तेल खाली डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर उतरतं, आणि मग पावसात ब्रेकच लागत नाही.

स्विंगआर्मचा बुश आणि मागचा बेअरिंग असे तपासा: मेन स्टँडवर मागचं चाक वरून-खालून धरून हलवा, खट् वाजलं तर बहुधा बेअरिंग. स्विंगआर्मलाच हात घालून डावी-उजवी ढकला, तिथे ढिलेपणा असेल तर बुश. चेन टाइट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्यात ना हेही बघा. चाक तिरकं बसलं की सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढते.

टायरबद्दल थोडकंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिमी हवी. मुंबईच्या पावसाला ती पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मी २ मिमीला बदलतो. मधोमध सपाट झालेला टायर वळणात कडेवर चढताना एकदम झुकतो, तोही खाच शिल्लक असली तरी काढा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. दुकानातून घेताना ते वाचून घ्या. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ओल्यात वळणं जपून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. वॉशिंगला गाडी दिली की शेवटी चमक यावी म्हणून डिझेल फवारतात किंवा टायरला पॉलिश मारतात. आधीच बजावून सांगा की टायर आणि डिस्कला काही लावायचं नाही. शेजारच्या मुलाने धुतलेली गाडी घेऊन सोसायटीच्या गेटबाहेर वळण घेतलं आणि तो तिथेच आडवा झाला. रस्ता कोरडा होता.

स्कूटरवाल्यांना यातलं हवेचं आणि टायरचं सगळं लागू आहे. मागे रिंग काही स्कूटरना असते, काहींना नसते. दहा इंची चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, त्यामुळे तिथे हवा बरोबर असणं आणखी महत्त्वाचं.

एका वेळी एकच

हे सगळं एका रविवारी उरकू नका. हवा बदला, आठवडाभर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवा, लिहून ठेवा. मग स्टेप बदला. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी मोबाइलमध्ये तारीख, हवा, स्टेप आणि "पवईच्या उंचवट्यावर काय झालं" एवढंच लिहीत होतो.

काही जागा मात्र कुठल्याही सेटिंगला दाद देत नाहीत, त्यांची वेगळी काळजी घ्या. मेट्रोच्या कामाजवळ खोदलेल्या रस्त्यावर टाकलेले लोखंडी पत्रे, उड्डाणपुलांवरचे सांध्याचे लोखंडी पट्टे, शेवाळ धरलेले पेव्हर ब्लॉक, बसस्टॉपसमोर डिझेल सांडलेला पट्टा. तिथे गाडी सरळ उभी ठेवायची, ब्रेकला आणि रेसला हात लावायचा नाही, पत्रा ओलांडून झाल्यावर काय ते करायचं. डांबर-काँक्रीटची लांबलचक सांध आपल्या दिशेनेच धावत असेल तर तिच्यावर घासत चढू नका, जरा बाहेर जाऊन आडवा कोन घेऊन ओलांडा. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत वाईट. वर्षभराचं तेल आणि धूळ तेव्हा वर येते, नंतरचा धो-धो पाऊस ती धुऊन नेतो. त्या अर्ध्या तासात मी कुठल्या तरी पुलाखाली थांबून चहा घेतो, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. गुडघाभर पाण्यातून बाहेर पडल्यावर मागचा ड्रम भिजलेला असतो, शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबून धरा आणि वाळवा.

पवईचा उंचवटा अजून तिथेच आहे. जूनपासून मुसळधार पावसातही मागचं चाक तिथे सरकलेलं नाही. फक्त आता मेन स्टँडवर हँडल हळू फिरवताना मधोमध एक बारीक खाच लागते, कोन सेटचा (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) रेसर खाल्लाय. काकांना दाखवलं, त्यांनी गणपतीच्या आधी गाडी आणून ठेवायला सांगितलंय.